इंजिन काय बॅटरी?

"सांग बघूया वयनी, आता कोण चलता? इंजिन काय बॅटरी?"

फाट्याचा चढ लागला की चीफ हे विचारायचाच. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हाताचं बोट वर, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं. मी म्हणायची, "इंजिन." तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि खूश होऊन मान हलवायचा. "बरोबर. पास झालंस." या वयात मला कोणी पास करावं अशी हौस नव्हती. पण गाडी त्याची होती आणि कुडाळच्या बाजाराला फुकट नेत होता, म्हणून उत्तर देत होते.

त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या मुलीला आवडायचं नाही. बोटीवर तो मोठा इंजिनिअर होता, म्हणून सगळी वाडी त्याला चीफ म्हणायची. त्याचं घर माझ्या घराला लागून, मध्ये चिऱ्यांचा गडगा. गडग्यावर टेकून बोलायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही, इतका बोलका.

तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, नोकरी संपली तरी नोकरीतल्या सवयी घरात पाळणारा. चीफच्या घरात प्रत्येक वस्तू दोन. दोन विजेऱ्या, दोन चष्मे, भिंतीवर दोन घड्याळं. विहिरीवर पंप बसवला तरी रहाट काढला नाही. का म्हणून विचारलं की म्हणायचा, "एक बंद पडलो तर दुसरो व्हयो. भर दर्यात दुकान खंय आसता?" त्याची बायको म्हणायची, "बायल तेवढी एकच केल्यान, उपकार झाले." आम्ही हसायचो. ती गेल्यावर ते वाक्य कोणी पुन्हा काढलं नाही.

ती गेली तेव्हा मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, आता माझ्याकडे चला." हा जायला तयार नाही. आमची वाडी खाडीच्या टोकाला. एस.टी. फाट्यावर थांबते, तिथून चढ-उतार करत पायी यायचं. दवाखाना, बँक, किराणा सगळं लांब. म्हाताऱ्या माणसाने गाडीशिवाय इथे एकटं राहायचं म्हणजे कठीण. शेवटी बाप-लेकीचं ठरलं. जोवर तो गाडी नीट चालवतोय तोवर इथे राहील. गाडी सुटली की पुणे.

त्या वेळी त्याच्याकडे ती पहिली, परीक्षेवाली गाडी होती. परदेशी, मुंबईतल्या कोणा साहेबाची वापरलेली. तिला बॅटरी होती आणि पेट्रोलचं इंजिनही. प्लग-इन हायब्रीड म्हणतात, असं तो सांगायचा. घरी वायर लावून भरून ठेवायची, त्या विजेवर मालवणला जाऊन यायचं. वीज संपली किंवा चढ लागला की इंजिन आपसूक सुरू. कधी कोण चालणार ते गाडीच ठरवायची. चीफने सगळ्यांना समजावलं, "ही गाडी दोन जिवांची आसा." झालं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून गाडी दिसली की कोणीतरी विचारायचंच, "कितवो म्हयनो रे चीफा?"

स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यावर चित्र यायचं, आता इंजिन चाललंय की बॅटरी ते दाखवणारं. मी एकदा म्हटलं, "अरे, थंय दिसता मरे, माका कित्याक इचारतस?" तो म्हणाला, "काटो फसवता गो. बोटीर मी कधी काट्यार इश्वास ठेवलंय नाय. कानान ऐकूचा." मला ते पटलं. भात शिजला की नाही तेसुद्धा मी आवाजावर ओळखते.

आणि अशा माणसाने एक दिवस ती दोन जिवांची गाडी विकली आणि नुसत्या विजेवर चालणारी आणली.

वाडीत कोणाला काही सुचेना. ज्याच्या घरात घड्याळंसुद्धा दोन, त्याने एकाच बॅटरीवर भरवसा ठेवला? मी गडग्यावरून विचारलं, "बाळंत झाली काय रे तुझी गाडी?" तो हसला, पण कारण सांगितलं नाही. म्हणजे कारणं पुष्कळ सांगितली, प्रत्येकाला वेगळं. मला म्हणाला, पेट्रोल वापरलंच जात नाही, टाकीत पडून शिळं होतं. पोस्टमनला म्हणाला, सर्व्हिसिंगला इन्सुली-बांदा ओलांडून गोव्याला जावं लागतं. देवळात म्हणाला, धूर नको. सगळी कारणं खरी असतील. पण माणूस एका गोष्टीची इतकी कारणं सांगायला लागला की मला खरं कारण कुठलं ते बघावंसं वाटतं.

मुलीने व्हिडिओ कॉल लावून भांडण काढलं. वाटेत वीज संपली तर काय करणार? हा म्हणाला, "काय करणार? उभो रवतलंय." जन्मात त्याच्या तोंडी असलं उत्तर नव्हतं.

गाडी आली तेव्हा गावकार, आमच्या देवळाचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायला आले. नारळ ठेवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गावकार वयस्कर, त्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान नवी गाडी हाडल्यान हा, ती बरी चलांदे, वाटेत पेट्रोल कमी पडूक देव नको रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

चीफ पुढे झाला. "पेट्रोल नाय ओ. करंट म्हणा."

गावकार अडले. देवाकडे असं मागणं त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मग म्हणाले, "करंट कमी पडूक देव नको रे म्हाराजा..."

"तेच्यात वायरमनाचाय नाव घ्या," मी म्हटलं. आमच्याकडे पावसात वीज गेली तर देव काय करणार?

मग चीफ आत बसला. आम्ही सगळे इंजिन सुरू व्हायची वाट बघत उभे. काहीच नाही. कोणी म्हणालं, बंद पडली काय? तेवढ्यात लिंबू फुटलं आणि गाडी अंगणाबाहेर. गावकारांना वाईट वाटलं. गाडी निघतानाचा "होय म्हाराजा" राहून गेला.

पुढचं झाकण उघडून दाखवायला त्याला कंटाळा नव्हता. लोक वाकून बघायचे. आत इंजिनाच्या जागी रिकामा खण. त्यात चीफ बांगडे ठेवायचा. म्हणजे माशांचा वास आत गाडीत येत नाही. एवढा मोठा इंजिनिअर, आणि इंजिनाच्या जागी बांगडे. मला ते आवडलं.

या गाडीत तो माझी परीक्षा घेईना. एकच जीव, विचारणार काय? मी निश्चिंत होऊन बाहेर बघत बसायची.

असेच एकदा कुडाळहून परत येत होतो. रस्ता अरुंद, मागून एस.टी. हॉर्न देत होती. एकदा दिला, दोनदा दिला, मग दाबूनच धरला. चीफ आपला मधोमध, शांतपणे बॅटरीबद्दल बोलतोय. मी म्हटलं, "पाठसून गाडी वाजता."

"ऐकलंय गो," तो म्हणाला. पण बाजूला घेतली नाही. आरशात बघितलं तेव्हा घेतली. एस.टी.चा ड्रायव्हर जाता जाता जे बोलला ते इथे लिहीत नाही. चीफने त्याला हात करून नमस्कार केला.

मी एस.टी. वळणाआड जाऊ दिली. मग खिडकीबाहेर तोंड करून, रोजच्या आवाजात म्हटलं, "चीफा, मेल्या, तू निखालस येडो आसस."

"होय होय," चीफ म्हणाला. "औंदा मोहोर बरो इलोहा."

मी त्याचा दंड धरला. "गाडी बाजूक घे." त्याने घेतली. मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "तुका ऐकू येता काय रे?"

त्याने गाडी बंद केली. मग म्हणाला, "समोर बसून बोललं तर येता. तोंड बघून कळता. बाकी नाय."

"कधीपासून?"

"बोटीर आसतानाच थोडा थोडा जाय होता. इंजिनरूमात कोणाचे कान रवतत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इंजिन काय बॅटरी, ही परीक्षा नव्हती. त्याला खरोखरच कळत नव्हतं. काट्यावर विश्वास नाही, कान गेलेले, म्हणून शेजारी बसेल त्याला विचारायचा. आणि आम्ही पास होत होतो.

"म्हणान ती गाडी इकलंस?"

"त्या गाडीत इंजिन सुरू झाला काय तुमची सगळ्यांची मान जराशी हाले," तो म्हणाला. "माझी नाय. दर येळी. ह्या गाडीत कोणाचीच मान हालणा नाय. आवाजच नाय तर काय? हयात तुमका आणि माका सारख्याच."

मी विचारलं, कानाचं मशीन का घालत नाहीस? तो म्हणाला, "घातलंय तर चेडवाक कळतला. मगे पुणा." मुलीशी ठरलं होतंच, गाडी सुटली की पुणे.

त्यानंतर मी त्याच्याबरोबर गेले की मागून गाडी वाजली तर समोरच्या फळीवर थाप मारायची. एक थाप, मागे गाडी. दोन थापा, थांब. मला ते जमलं. पण मी काही रोज त्याच्याबरोबर नसायची. तो एकटा बाहेर पडला की मी हातातलं काम टाकून फाटकाकडे बघत राहायची. ते मला नको झालं होतं.

मे महिन्यात मुलगी आली. बापाच्या गाडीतून आम्ही तिघं मालवणला गेलो, ती मागे बसली होती. घरी आल्यावर मी चीफच्या ओटीवर बसून आमसुलं वेचत होते. चीफ खुर्चीत. मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"काकी, तुम्ही वाटेत सारखं समोर काय बडवत होतात?"

"तुझ्या बापाक ऐकू येणा नाय. म्हणान."

"म्हणजे? किती दिवस?"

"तां तेका इचार."

चीफ माझ्या तोंडाकडे बघत होता. शब्द न शब्द त्याला कळला होता. तो उठला. "तुका कोणी इचारल्यान?"

"तुझ्या चेडवान. तुझ्यासमोरच इचारल्यान."

"वयनी," तो म्हणाला, "तू माका माझ्या घरातसून भायर काढलंस."

"रस्त्यार कोणाचा पोर पाठसून बोंबललान तर काय करशीत? नमस्कार?"

तो आत गेला. मुलगी रडायला लागली. तिला म्हटलं, रडू नको, आमसुलं ओली होतील. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.

पुण्याला निघेपर्यंत चीफ माझ्याशी बोलला नाही. निघताना दाराला दोन कुलपं लावली. मुलगी गाडी चालवायला बसली, हा तिच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून. मी गडग्याजवळ उभी होते. त्याने बघितलं, मान वळवली. गाडी चढाला लागली आणि दिसेनाशी झाली. आता मी फाट्यापर्यंत चालत जाते. वाटेत दोनदा बसते.

पुण्यात मुलीने त्याच्या कानात मशीन बसवलं. पण त्याला एकट्याला परत पाठवायला ती आता तयार नाही. मलाही तिचं चुकीचं वाटत नाही. चीफचा फोन येईल असं मला वाटलं नव्हतं. पावसाळा सरल्यावर आला. मी सवयीने ओरडून विचारलं, "कोण तो?"

"वरडा नको गो. ऐकू येता."

मग ख्यालीखुशाली झाली. माझा गुडघा, त्याची साखर. मध्येच म्हणाला, "वयनी, ती गाडी मुकी नाय गो."

"मगे?"

"आवाज करता. बारीक, शिटीसारखो. वेग वाढलो काय सूर चढता, ब्रेक मारलो काय उतरता. मशीन घालून पयल्यांदा बसलंय तेव्हा माका वाटला, कानातला मशीनच बिघडला. चेडवाक इचारलंय तर म्हणता, बाबा, तो आवाज पहिल्यापासून आहे."

मी पायरीवर टेकले.

"तुका ऐकू येय होतो?"

"येय होतो."

"पयल्या दिसापासून?"

"होय."

"मगे मी म्हटलंय, हयात तुमका आणि माका सारख्याच, तेव्हा बोललंस कित्याक नाय?"

"तू इचारलंस खंय?" मी म्हटलं. "तू सांगलंस."

मग तो काहीतरी म्हणाला. बहिरा माणूस नेहमी मोठ्याने बोलतो. चीफ तर गडग्यापलीकडून बोलला तरी माझ्या चुलीपाशी ऐकू यायचा. इतक्या हळू तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. फोन कानाला घट्ट लावला तेव्हा कळलं.

"बरा केलंस," म्हणत होता.