रोही हाकलणारा हात

पिस्तुलाच्या चाचणीत मी दोनदा नापास झाले होते. तिसरी संधी शेवटची होती. जमलं तर हवालदाराची फौजदार होणार, नाही तर आहे त्याच पदावरून निवृत्त. रायफलीत माझा नेम चांगला होता, म्हणूनच पिस्तुलात फज्जा का उडतो ते मला कळत नव्हतं.

वाशिमबाहेरच्या चांदमारीवर आमचा सराव चाले. मागे मातीचा उंच बांध, पुढे कागदी टार्गेटं. माझ्या गोळ्या टार्गेटच्या खाली मातीत जात. ताईंनी तिथे घुशी पाहिल्या असतील, असं सोबतचे म्हणत. मी हसत नसे.

शिकवणारा हवालदार मालेगावकडचा, माझ्याहून बराच लहान. गोळी सुटतानाचा धक्का अडवायचा नसतो, असं तो सांगे. दोन्ही हातांची पकड घट्ट ठेवायची, पिस्तूल वर उसळू द्यायचं, ते परत जागेवर येतं. मला हे सगळं पाठ होतं. पाठ असून काही उपयोग होत नव्हता.

एका सकाळी त्याने माझं मॅगझिन स्वतः भरलं आणि मला न सांगता त्यात एक नकली काडतूस घातलं. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्यांदा ट्रिगर ओढला, तर नुसतं खट्ट झालं. तरी पिस्तुलाचं तोंड चांगलं खाली गेलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

"ताई, धक्का तर आलाच नाही. मंग हात काहून खाली गेला?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "तुमी वावरात रोही हाकलता काय?"

हाकलते. रिठदजवळ आमचं वावर आहे. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरल्या की सुट्टीच्या सकाळी कार्बाइडची नळी मीच घेते. तिच्यात गोळी नसते, नुसता बार होतो. आमच्याकडे नळी उडवायची रीत एकच: ती खाली दाबायची, आपलं तोंड फिरवायचं, डोळे मिटायचे आणि मग लायटर दाबायचा. तोही घरी तसंच करायचा, म्हणाला. मला राग आला, आणि त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

पुढे महिनाभर तो नकली काडतुसं मिसळत राहिला. कोणतं खरं ते मला माहीत नसे. डोळे उघडे ठेवून ट्रिगर हळूहळू ओढायचा, बार कधी होईल ते आपण ठरवायचं नाही, एवढाच अभ्यास. हळूहळू हात जागेवर राहू लागला.

चाचणीत दहापैकी सात लागायला हव्या होत्या. बरोबर सात लागल्या. मला फार आनंद झाला. पेढे मी त्यालाच पहिल्यांदा दिले.

पुढच्या सुट्टीत वावरात गेले. हरभऱ्यात रोही होत्या. मी नळी उचलली, लायटर दाबला. डोळे मिटले नाहीत, आता मिटतच नव्हते. सगळ्या एकदम उसळल्या. मागचं पिल्लू धुऱ्याच्या बांधावर अडखळून तोंडावर आपटलं, उठलं, चुकीच्या दिशेने धावलं, परत वळलं. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी डोळे उघडायचे तेव्हा वावर रिकामं असायचं. मला वाटायचं, त्या नुसत्या निघून जातात.