दुप्पट डिव्हिडंड

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नाही, पण त्याच्या कंपनीचा राग मला अजून येतो.

पेण-रोहा गाडीत तो समोर बसला होता. धाटावच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं राबून त्याची नखं पिवळी पडलेली. निवृत्त होताना फंडाच्या पैशात तिचेच शेअर घेतले, असं गप्पांत कळलं. तेवढ्यात मेसेज आला. वाचून त्याने मोबाईल बाकावर आपटला.

"डिव्हिडंड आलाय. यंदा दुप्पट!"

"मग चांगलंच की! बसल्या जागी पैसे."

"चांगलं? गेल्या महिन्यात ह्याच कंपनीने माझ्या पोराला कामावरनं काढला. तेव्हा म्हणाले, कंपनीला पगार परवडत नाय. मग हा पैसा कुठनं आला?"

माझंही डोकं फिरलं. "विकून टाका ते शेअर!"

निडी स्टेशन आलं. पिशवी उचलत तो म्हणाला, "विकतो कसला! आता घर त्याच्यावरच चाललंय."