घाटकोपरच्या ताईंचं चालतं मशीन

आमच्या घाटकोपरच्या ताईंशी भांडून आजवर कुठलीही वस्तू जिंकलेली नाही. माणसं जिंकली असतील. नवरा, शेजारी, रिक्षावाले यांच्यापुढे आपण पटकन नमतं घेतो, असं ताई स्वतःच सांगतात. पण नळ, कुलूप, कुकर, छत्री, शिलाई मशीन यांपैकी कुणी ताईंना आडवं गेलं, तर आठवडा लागो की तीन वर्षं, शेवटी त्या वस्तूलाच खाली मान घालावी लागते. तोवर जे काही सांडतं, फुटतं, वाकतं, त्याची बातमी त्या आम्हाला अशा थाटात देतात की नुकसान झालंय हे आमच्या फार उशिरा लक्षात येतं. "आज कुकरचं झाकण छताला लागलं. छत मजबूत आहे." हा त्यांचा संपूर्ण निरोप. डाळीचा त्यात उल्लेख नाही.

ताईंची आणि माझी ओळख एका कपडे धुण्याच्या मशीनने करून दिली. मी मालाडला राहतो. हौसेने घेतलेलं ते मशीन कपडे पिळायला लागलं की थरथरत जागा सोडायचं आणि बाथरूमभर फिरायचं. कंपनीचा फोन कुणी उचलेना, म्हणून एका दुपारी त्यांच्या जाहिरातीखाली मी रागारागाने लिहिलं, "तुमचं मशीन चालतं." त्यावर कुणीतरी "अभिनंदन" असं लिहून गेलं. मग मुलुंडच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी लिहिलं, "आमचंही चालतं. स्वयंपाकघरापर्यंत येतं." आणि त्याखाली एका बाईंचा प्रश्न आला, "रोज किती?" त्या ताई. आपल्या मशीनची चाल मोजून ठेवावी, हे त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. असे आम्ही सात जण गोळा झालो आणि 'मशीनग्रस्त' नावाचा ग्रूप निघाला.

तक्रार हा ग्रूपचा उद्देश होता, पण माणूस किती दिवस तक्रार करणार? महिनाभरात तिथे मशीन सोडून सगळं येऊ लागलं. कुणाचं दूध उतू गेलं, कुणी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बोरिवलीपर्यंत जाऊन आलं. ताई भांडुपला एका लग्नाला गेल्या, पोटभर जेवल्या, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि फोटोच्या वेळी त्यांना कळलं की आपलं लग्न वरच्या मजल्यावर आहे. ग्रूपवर निरोप आला, "लग्न चुकलं. जेवण उत्तम. मुलगा गुणी वाटला. वर जाऊन पुन्हा जेवले. वरचा मुलगा तेवढा नाही वाटला." अधूनमधून त्यांना प्रश्नही पडत. "साखरेच्या डब्यावर चहा लिहिलंय, चहाच्या डब्यात रवा आहे, तरी घरात कुणाचा चहा कधी चुकत नाही. असं का?" यावर आम्ही सात प्रौढ माणसं दोन दिवस बोलत होतो. मुलुंडच्या काकांनी शेवटी लिहिलं, "सोडून द्या हो." काकांचं प्रत्येक गोष्टीवर हेच मत असे. आपलं मशीन त्यांनी केव्हाच बाल्कनीत नेऊन त्यावर कोरफडीची कुंडी ठेवली होती. माझं मी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

ताई साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात नोकरी करतात. तिथे स्प्रिंगा आणि वायसर बनतात, आणि तयार झालेला माल ताईंच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. आयटीआय करून त्या तिथे लागल्या तेव्हा कारखान्यात त्या एकट्याच बाई होत्या. सत्तावीस वर्षं त्या टेबलाशी बसून व्हर्नियरने केसाएवढी मापं घेतायत. त्यामुळे जगाकडे त्या तशाच पाहतात. मी एकदा मोबाईल समजून टीव्हीचा रिमोट खिशात घालून अंधेरीला ऑफिसात गेलो. संध्याकाळी घरी येऊन ते ग्रूपवर कबूल केलं. बाकीचे हसले. ताईंनी विचारलं, "भाऊ, दोघांचं वजन किती? हाताला फरक कळायला हवा होता." मी हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. शेवटी मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दोन्ही वस्तू काट्यावर ठेवल्या. वाणी म्हणाला, "क्या हुआ साहब, बेचना है?" मी मापं कळवली, फरक नावापुरताच होता. ताईंनी लिहिलं, "मग तुमची चूक नाही. हात बरोबर आहे, लक्ष नव्हतं." ऑफिसातल्या गमतीवरून बायकोने मला आठवडाभर छळलं, पण त्या एका वाक्याने मी पुन्हा ताठ झालो.

त्यांचं स्वतःचं मशीन मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. दर रविवारी मशीन लावायच्या आधी त्या बाथरूमच्या फरशीवर खडूने रेघ मारायच्या, कपडे पिळून झाले की दुसरी रेघ, आणि मधलं अंतर वहीत आणि आमच्या ग्रूपवर. "आज ६२ सेंटिमीटर." "आज ७१. चादरी होत्या." त्या घरात ताईंच्या सासूबाईही असतात. म्हातारी वाशीमकडची, जिभेला धार. एका रविवारी त्या आत पाय धूत असताना मशीन कोपऱ्यातून निघालं आणि थेट दाराला टेकून उभं राहिलं. दार आत उघडणारं. सासूबाई आत, ताई बाहेर, मध्ये मशीन. ताई बाहेरून ओरडल्या, "आई, बटण बंद करा." आतून उत्तर आलं, "याले हात कोन लावन? म्हशीवानी अंगावर येते हे." पस्तीस मिनिटांनी मशीन आपणहून थांबलं, तेव्हा म्हातारीने एकेक ओला कपडा बाहेर काढून ते हलकं केलं, ढकललं आणि दार उघडून पहिलं वाक्य बोलली, "याले दावं लाव." ताईंनी ग्रूपवर कळवलं, "सासूबाई सुखरूप. ९४ सेंटिमीटर. विक्रम." पुढच्या रविवारी खरोखरच नायलॉनची दोरी आणून त्यांनी मशीन खिडकीच्या गजाला बांधलं. संध्याकाळी निरोप, "दोरी टिकली. गज वाकला. गज हलका निघाला."

एवढं सगळं त्या मजेत घेत होत्या. मग त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली, आणि कंपनीचं लेखी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की मशीन निर्दोष असून ते चालतं हा तक्रारदार बाईंचा निव्वळ समज आहे, आणि त्यांनी दिलेली मापं काल्पनिक आहेत.

त्या दिवशी ताईंचा निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी न राहवून फोन केला. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इतका हळू, की मी पंखा बंद केला.

"भाऊ, सत्तावीस वर्षं मी माल पास करते," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावरून गेलेला माल आजवर परत आलेला नाही. शेठ माझ्यावर ओरडतो, रजा देत नाही, सगळं करतो. पण माझं माप खोटं आहे, असं तोसुद्धा कधी म्हणाला नाही."

"वकील करा ताई एखादा."

"वकील काय सांगणार? मोजलंय मी."

ग्रूपवर काकांनी लिहिलं, "सोडून द्या हो. कंपनीपुढे आपण कोण?" तारखांवर तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला त्या अर्धी रजा टाकून जायच्या. शेठ म्हणायचा, "अहो बाई, फेकून द्या ते मशीन, दुसरं घ्या." अखेर कंपनीच्या वकिलाने आक्षेप घेतला, की वहीतल्या नोंदी काय, घरी बसून कुणीही लिहील. तेव्हा ताईंना आमची आठवण झाली. तीन वर्षांतला प्रत्येक रविवार तारीखवेळेसकट आमच्या ग्रूपवर पडलेला होता. मधेमधे कुणाचं उतू गेलेलं दूध आणि माझा रिमोट, पण सेंटिमीटर सगळे जागच्या जागी. त्यांनी ते सगळं छापून घेतलं आणि विचारलं, "आपली मशीनंही चालत होती असं प्रतिज्ञापत्र कोण कोण देईल?" मी लगेच हो म्हटलं. आणखी दोघांनी दिलं. काकांचं मात्र आलं नाही.

शेवटच्या तारखेला मी गेलो. तोवर ताईंना मी पाहिलं नव्हतं, पण वस्तूंना धाक घालणारी बाई म्हणून मनात एक चांगली धिप्पाड मूर्ती तयार होती. बाकावर मला दिसल्या त्या खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या, चणीने बारीक, फिकट निळ्या पंजाबी ड्रेसमधल्या एक बाई. पिशवीतून गवंड्याची पाणसळ डोकावत होती, म्हणून ओळखलं. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मुलुंडचे काका. "प्रतिज्ञापत्र आणलंय," ते म्हणाले. "उशीर झाला असेल तर सोडून द्या."

ताई म्हणाल्या, "बसा काका. पाणी घ्या."

कंपनीचा वकील तरुण होता आणि चांगलं बोलत होता. त्याने शेवटचा डाव टाकला. मशीन हललं असेल असं घटकाभर मानलं, तरी दोष मशीनचा नाही. बाईंच्या बाथरूमच्या फरशीला उतार आहे, आणि उतारावर कुठलीही वस्तू घसरेल. ऐकून मला वाटलं, संपलं, कारण बाथरूमला उतार हा असतोच. आयोगाच्या अध्यक्षबाईंनी ताईंना विचारलं, "उतार आहे का?"

"आहे, मॅडम," ताई म्हणाल्या.

"जरा मोठ्याने बोला."

"उतार आहे. मी पाणसळीने मोजलाय, पान क्रमांक अकरा. पाणी वाहून जावं म्हणून उतार कोपऱ्यातल्या जाळीकडे आहे. मशीन जाळीपाशी ठेवलेलं असतं, आणि चालत दाराकडे येतं." मग त्या वकिलाकडे वळल्या. "म्हणजे ह्यांचं मशीन चढ चढतं."

वकिलाने पान क्रमांक अकरा उघडलं. ते त्याने बराच वेळ पाहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. माझ्या शेजारी काकांनी माझा गुडघा इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

निकाल दीड महिन्याने लागला. कंपनीने मशीन परत न्यावं, किंमत आणि खर्च द्यावा, वगैरे सगळं त्यात होतं. पण ताईंनी ग्रूपवर त्यातली एकच ओळ टाकली: "तक्रारदाराने घेतलेली मापे विश्वासार्ह आहेत." ती ओळ त्यांनी कारखान्यात आपल्या टेबलावर काचेखाली लावली. शेठने वाचली आणि त्या दिवशी ओरडला नाही, अशी खबर आली. आम्ही सगळ्यांनी मिळून दिवसभर जो जल्लोष केला, तो आमच्यापैकी कुणाच्या स्वतःच्या कशासाठीही कधी झाला नसेल. काकांनी लिहिलं, "मी सुरुवातीपासून सांगत होतो, सोडू नका." त्यालाही आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले. विजयाच्या दिवशी माणूस उदार होतो.

बुद्धपौर्णिमेला सुट्टी होती. ताईंनी सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. सातही जण पहिल्यांदाच एका खोलीत बसलो. ताईंच्या यजमानांनी प्रत्येकाला खुर्ची दिली, सासूबाईंनी नवं मशीन दाखवलं. ते सुरूच होतं, कपडे पिळत होतं आणि आपल्या कोपऱ्यात निमूट उभं होतं. म्हातारी त्याच्याकडे बोट करून म्हणाली, "हे जाग्यावरून हालतच नाही. जित्तं हाय का मेलं, काही समजत नाही." आम्ही हसलो. मग जेवायला बसलो, आणि माझ्या लक्षात आलं, की आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाहीये. तीन वर्षं ज्यांनी एकमेकांच्या चपलांपासून चहाच्या डब्यांपर्यंत सगळं उकरलं होतं, ते "वांगं छान झालंय" आणि "मेट्रोने आलात का" यापलीकडे जाईनात. काका दोनदा खाकरले. ताई वाढत होत्या, सगळ्यांकडे बघून हसत होत्या, पण गप्पच. त्यांच्या हातात मोबाईल नव्हता, आणि आमच्याही. निरोप घेताना त्या जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पोचलात की कळवा, भाऊ."

मेट्रोत बसलो आणि खिशातला मोबाईल थरथरला. ग्रूपवर ताईंचा निरोप होता. "सगळे गेल्यावर फ्रिज उघडला. खीर वाढायची राहिली. पातेलं भरून आहे. अडीच लिटर."

बघता बघता ग्रूप जागा झाला. कुणी म्हणे, तरीच जेवण अर्धवट वाटलं. कुणी विचारलं, वेलची घातली होती का. काकांनी मुलुंडच्या रिक्षातून लिहिलं की साखर बेताची असेल तर ते परत यायला तयार आहेत. तासाभरापूर्वी तोंडातून शब्द न फुटलेली माणसं आता एकमेकांना बोलू देत नव्हती. मी वाचत होतो, हसत होतो, आणि डब्याचं दार उघडलं तेव्हा घाटकोपरच्या पुढचंच स्टेशन होतं. समोरच्या फलाटावरून उलटी गाडी पकडली असती, तर दहा मिनिटांत ताईंच्या दाराशी उभा राहिलो असतो. मी उठलोसुद्धा. मग वाटलं, दार उघडल्यावर त्या म्हणतील, "या भाऊ", मी म्हणेन, "हो", आणि पुन्हा आम्ही दोघं गप्प.

डब्याचं दार मिटलं. मी परत बसलो आणि लिहिलं, "ताई, खीर कधीही गारच चांगली." त्यावर त्यांनी लगेच काहीतरी लिहायला घेतलं. तीन ठिपके हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. अंधेरी येईपर्यंत मी ते ठिपके पाहत बसलो.