नागपूर ते रामटेक, सव्वादोन ग्रॅम जास्तीचं वजन घेऊन

नागपूरहून रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसर, मग उजवीकडे वळायचं. रस्ता चौपदरी आहे, तासा-सव्वातासात माणूस पोहोचतो. आम्हाला पावणेपाच तास लागले. सुखाने जायचं असेल त्यांनी बस घ्यावी. जुन्या गाडीने जायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

गाडी आजोबांची. दुधी रंगाची, बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान. आजोबांनी ती दोन्ही मुलांच्या नावे अर्धी-अर्धी ठेवली, त्यामुळे आजवर कोणालाच पूर्ण मिळाली नाही. रामटेकला माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, राहतात. गेल्या महिन्यात पेंचच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला: इंजिन काढायचं, बॉनेटमध्ये माती भरून पेटुनिया लावायचे आणि गाडी फाटकापाशी सेल्फी पॉईंट म्हणून उभी करायची. मोठेबाबांना तो आवडला. बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोनवर तह झाला.

"रविवारी बाराच्या आत माझ्या दारात स्वतःच्या चाकांवर आण," मोठेबाबा म्हणाले. "आणली तर पूर्ण तुझी. टोचन लावून आणली तर पेटुनियाची."

बाबांनी मला सोबत घेतलं ते मुलगी म्हणून की मेकॅनिक म्हणून, हे मी विचारलं नाही. मी कोराडीला वीजकेंद्रात नोकरी करते. दाब, वजन, तापमान दाखवणारी उपकरणं खरं बोलतात की नाही, हे तपासणं माझं काम.

निघण्याआधी मी नियमाप्रमाणे विचारलं, "कार्ब्युरेटरला अलीकडे कोणी हात लावला?"

"कोणीच नाही वं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी ॲक्सिलरेटर तीनदा दाबला. चालू करण्याआधी आजोबा तीनदा दाबायचे, म्हणून बाबाही दाबतात. गाडी गार असो की तापलेली, तीन म्हणजे तीन. इंजिन सुरू झालं, मागून काळा धूर आला, आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेली चादर घाईने आत नेली. गाडीची तांत्रिक स्थिती त्यांना माझ्याआधी कळली.

कामठीच्या अलीकडे तर्री-पोहे खाल्ले. प्लेट तीस रुपये. तर्री दुसऱ्यांदा मागितली तर वाढतात, तिसऱ्यांदा मागितली तर बघतात. बाबांनी गाडी बंद केली नाही, "पुन्हा कोण चालू करत बसंल" म्हणून. ती उभ्या उभ्या अडखळत होती आणि पेट्रोलचा वास पोह्यांपर्यंत येत होता. कन्हान नदीचा पूल मात्र तिने झोकात पार केला. बाबांनी एका मोटारसायकलवाल्याला हात केला. पुढे बाजारात, चहाच्या टपरीसमोर, गाडी दोन आचके देऊन बंद पडली. आठ वाजून दहा मिनिटं.

प्रवाशांसाठी सूचना: आपल्याकडे जुनी गाडी बंद पडली तर मेकॅनिक शोधावा लागत नाही. पाच मिनिटांत सात येतात. त्यातल्या एकाकडेही पाना नसतो.

"काकाजी, पेट्रोलात भेसळ हाय," पहिला म्हणाला.

"बॅटरी बसली असंल," दुसरा म्हणाला. बॅटरी तेव्हा जोरात इंजिन फिरवत होती.

एका ट्रकवाल्याने खिडकीतूनच निदान केलं. "पोरगी काहून खोलून राहिली गा? धक्का मारा न!"

मी प्लग काढले. चारही ओले, काजळलेले. कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ओघळत होतं. इंजिनला पेट्रोल मिळत नव्हतं असं नाही, ते त्यात बुडत होतं. चोकची झडप पूर्ण उघडी होती, म्हणजे दोष तिचा नाही. मी कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं.

आत एक छोटी पेट्रोलची वाटी असते आणि तिच्यात पितळेचा पोकळ फुगा तरंगतो. गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच. पेट्रोल वर आलं की फुगा वर येतो, सुई दाबतो आणि आवक बंद होते. मी फुगा बोटाने वर धरून नळीत फुंकर मारली. हवा अडली. सुई ठीक. म्हणजे फुगाच नीट वर येत नव्हता. भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असावं, असा माझा अंदाज. टपरीवाल्याकडून आमच्या डब्यात उकळतं पाणी घेतलं आणि फुगा बुडवून धरला. भोक असेल तर बुडबुडे येतात.

एकही बुडबुडा आला नाही. सात तज्ज्ञ प्रथमच गप्प झाले.

मग मी फुगा उलटा केला. एका कडेला धातू वितळवून नवाकोरा डाग दिलेला होता. जाडजूड, चकचकीत.

"बाबा, हे काय?"

बाबांनी आधी नदीच्या दिशेने पाहिलं. "थोडं भोक होतं. मागच्या आठवड्यात इतवारीच्या बाजारात नेलं होतं. सोनाराकडे."

"सोनाराकडे?"

"मग काय रेडिएटरवाल्याकडे नेऊ? आजोबांची गाडी हाय ते."

मी फुगा उजेडात धरला. फुग्यावर बनवणाऱ्याने वजन कोरलं होतं: ११ ग्रॅम. फुगा जड झाला असेल तर तो पेट्रोलात खोल बसेल, सुई उशिरा बंद होईल आणि वाटी ओसंडेल. पण 'असेल' या शब्दावर मी काही दुरुस्त करत नाही. मला शतांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा होता. असा काटा कन्हानच्या बाजारात एकाच प्रकारच्या दुकानात मिळतो.

ते दुकान दहाला उघडलं. तोपर्यंत आम्ही चार-चार चहा प्यायलो. बाबा घड्याळाकडे बघत नव्हते. दर दोन मिनिटांनी मला वेळ विचारत होते.

सराफ साठीचे होते. फुगा पाहून त्यांनी चष्मा चढवला. "सोन्याचा हाय का बाई?"

"पितळेचा."

"मग वजन कशाले?"

"गाडी चालत नाही."

त्यांनी दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि फुगा काट्यावर ठेवला. १३.२६. मग डाग निरखला. "हे आपल्या लायनीतल्याचं काम दिसते. मस्त केलं. काही हातचं राखलं नाही त्यानं."

"म्हणूनच बुडतो," मी म्हणाले.

त्यांनी ज्योत पेटवायला हात नेला. बंद पोकळ फुगा तापवला तर फुटू शकतो. मी म्हणाले, "आच नको, काका. फक्त कानस. अकरा ग्रॅमवर आणा."

ते वीस मिनिटं घासत होते. सवयीने खाली कागद धरला होता. कणभरही कीस बाहेर जाऊ दिला नाही. शेवटी काट्यावर ११.०८ आलं.

"वरचे आठ तुमच्या भोकासाठी ठेवले," ते म्हणाले आणि कीस गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून बाबांना दिला. "आपला माल, साहेब."

मी फुग्याची पुन्हा उकळत्या पाण्यात परीक्षा घेतली, कार्ब्युरेटर बसवला, प्लग पुसले. आठवा माणूस येऊन म्हणाला, "कचरा असंल." आम्ही निघालो. धूर नव्हता. मनसरला उजवीकडे वळलो.

पावणेबाराला पोहोचलो. रिसॉर्टचा मॅनेजर मोठेबाबांच्या अंगणात मापाची टेप घेऊन उभा होता. त्याने आमच्यासमोरच बॉनेट मोजलं.

"आली म्हणायची," मोठेबाबा म्हणाले. त्यांना कौतुक वाटलं असावं, पण त्यांनी ते आवरलं. "आता बंद कर गा. अन् पुन्हा चालू करून दाखव. लोटत-लोटत आणली असंल तर?"

बाबांनी बंद केली. इंजिन तापलेलं होतं. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर गेला. तीनदा दाबला असता तर जास्तीचं पेट्रोल आत जाऊन गाडी तिथेच पुन्हा बुडाली असती आणि पेटुनियांना जागा झाली असती.

"बाबा, पाय वर," मी हळू म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजोबांचा नियम त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. मग पाय उचलला आणि नुसती चावी फिरवली. पहिल्या फेरीत इंजिन लागलं.

मोठेबाबा काही क्षण तो आवाज ऐकत राहिले. "जेवायले चला," ते म्हणाले. "वडा-भात थंडा होऊन राहिला." मॅनेजरला त्यांनी आपली बंद स्कूटर दाखवली. त्याने तीही मोजली.

परतीला सव्वा तास लागला. लिहिण्यासारखं काही झालं नाही, आणि प्रवासाबद्दल याहून चांगलं काही लिहिता येत नाही. हाताचा पेट्रोलचा वास दोन दिवस राहिला. पुडी बाबांनी आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली. आईने "हे काय?" विचारलं तर म्हणाले, "रामटेकचं."

बुधवारी मी पुडी कामावर नेली आणि आमच्या काट्यावर कीस मोजला. २.१७. कन्हानच्या हिशेबाने २.१८ हवा होता. शतांशाचा फरक काट्याचा की कागदाचा, सांगता येत नाही. संध्याकाळी पुडी होती तशी परत ठेवली, पण घडी बहुतेक वेगळी पडली.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "डब्यातल्या पुडीले कोणी हात लावला?"

"कोणीच नाही," मी म्हणाले.