ठिपके मला दिसतात, डॉक्टर!

शुगर झालेल्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. गोड बंद होतं, पण तोंड थोडंच बंद होतं! इंदूरजवळच्या राऊ गावात सकाळी फिरायला जाणारा आमचा ग्रुप असाच, सगळे शुगरवाले. मी सांगलीहून इथे कॉलेजात शिकवायला आलेला. सुभेदार कांबळेसाहेब महूचे, फौजेतून रिटायर. आणि पाटीदार भिया, म्हणजे भैया, तर इथलेच. आम्ही चालतो किती? पोह्यांच्या गाडीपर्यंत!

*

"डोळ्यांचा पडदा तपासून घ्या," म्हणून बायको मागे लागली होती.

मी म्हणालो, "अगं, मला लांबून बसची पाटी वाचता येते. शिवाय मी पोरांना प्रकाश आणि भिंगं शिकवतो!"

"मग आता स्वतःही काही शिका," म्हणत तिने अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

*

बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून डोळ्यांत थेंब घातले. सगळं धूसर! काउंटरवर गेलेली बायको परत येऊन शेजारी बसली. मी हळूच म्हणालो, "रागावू नकोस. काही निघालं तर जिलेबी बंद. नाही निघालं तर जाताजाता खाऊ."

"भाईसाब," भलताच आवाज आला, "मुझे भी शुगर है।"

*

डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर माझ्या पडद्याचा फोटो लावला. नारिंगी गोळा, त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं.

"सर, ये छोटे लाल डॉट दिख रहे हैं?"

मी डोळे बारीक करून पाहिलं. "दिख रहे हैं!" मी खूश. "मतलब नजर ठीक है ना?"

"नजर तो ठीक है। डॉट आपकी आँख के हैं।"

शुगरमुळे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होऊन फुगतात, तेच हे ठिपके. ही अगदी सुरुवात. दुखत नाही, दिसणं बिघडत नाही, म्हणून कळतच नाही. शुगर-बीपी ताब्यात ठेवा, वेळेवर तपासत राहा, शुगर नसांनाही धरते तेव्हा पायांना मुंग्या येत असतील तर लगेच सांगा, असं त्यांनी समजावलं. इतकी वर्षं फळ्यावर डोळा काढताना पडदा म्हणून मी नुसती एक वाकडी रेघ ओढत आलो होतो!

*

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपला मोबाइलवर तो फोटो दाखवला. चेहरा अगदी गंभीर. पाटीदार भियांनी झूम करून पाहिला. "भिया, ये तो मंगल ग्रह लग रिया है!"

कांबळेसाहेब हसले नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्राध्यापक, डोळे दाखवायला माझ्याबरोबर याल का?"

*

आता मी अनुभवी! "काही नसतं हो, साहेब. हनुवटी टेकवायची आणि हलायचं नाही," असं शिकवून मी चहाला गेलो. परत येतो तर टेक्निशियन मुलगी दारात उभी. "सर, फोटो तो कब के हो गए। अंकल उठ ही नहीं रहे!"

साहेब मशीनवर हनुवटी टेकवून ताठ बसलेले.

"साहेब, विश्राम!" मी म्हणालो.

"आधी निकाल सांगा," ते न हलता म्हणाले. "मग उठतो."

डॉक्टरबाईंनी येऊन फोटो पाहिले. "एकदम साफ, अंकल। एक भी डॉट नहीं।"

साहेब तरी हलेनात.

"आता काय?"

"प्राध्यापक, जरा हात द्या. पायाला मुंग्या आल्यात."

दाराकडे निघालेल्या डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "पैर में झुनझुनी? कब से?"