नाचणकरची रजा

सदाशिव नाचणकरच्या खिशात कायम सुतळीचे तुकडे असायचे. चपलांच्या दुकानात शिरला की तो ते बाहेर काढायचा आणि गल्ल्यावर एकेक सरळ करून मांडायचा. एका गाठीचा तुकडा थोरल्या मुलाच्या पायाचा, दोन गाठींचा धाकटीचा, पिवळा धागा बांधलेला भावजयीचा आणि सगळ्यांत लांब वडिलांचा. बहरीनच्या बाजारातल्या बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीतल्या दुकानदारांना त्याच्या घरादाराचे पाय ओळखीचे झाले होते. स्वतःच्या पायात मात्र कंपनीने दिलेले काळे बूट, तेही सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

त्याच गल्लीच्या तोंडाशी आमचं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस होतं आणि मी काउंटरवर बसायचो. मी मूळचा पुण्याचा, लग्न न झालेला, जरा तिरसट म्हणून ओळखला जाणारा. आपल्याकडची माणसं रजेचं तिकीट काढायला माझ्याकडे येत, कारण माझ्याशी मराठीत भांडता येई. नाचणकर रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. एका बड्या कंपनीत ड्रायव्हर होता. सकाळी साहेबांची मुलं शाळेत पोचवायची, दिवसभर सामान वाहायचं आणि शुक्रवारी गोऱ्या कुटुंबांना झल्लाकच्या किनाऱ्यावर न्यायचं. ती मंडळी पाण्यात डुंबत आणि हा गाडीच्या सावलीत बसून राही.

तिकीट घेताना तो कधी खूश दिसायचा नाही. एकदा मी त्याला छेडलं, घरी निघालात आणि तोंड असं का, म्हणून. तो म्हणाला, "केळकर, आमची रजा म्हंजे बिनपगारी ओव्हरटाइम." मग त्याने मला आधीच्या रजांची हकिगत सांगितली. एका रजेत बहिणीचं लग्न, एका रजेत विहीर, एका रजेत भावकीतलं बांधाचं भांडण, एका रजेत कौलं. गावात पाऊल टाकलं की उंबऱ्यावर माणसं बसलेली असत, आणि प्रत्येकाचं काही ना काही नाचणकरवाचून अडलेलं असे. धाकटा भाऊ यशवंत घरीच होता, पण सगळे निर्णय सदा आल्यावर व्हायचे. रजा संपवून तो बहरीनला उतरायचा तेव्हा आजारातून उठल्यासारखा दिसायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तो माझ्या काउंटरसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "ही गोरी माणसं रजेवर घरी जात नायत. बगायला जातात. मला पण एकदा बगायचं हाय." काय बघायचं, ते त्याला सांगता येईना. कुठलंही शहर चालेल, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. मला ऑफिसकडून वर्षातून एकदा सवलतीचं तिकीट मिळायचं आणि सोबत एकाला नेता यायचं. इतर सहकारी बायकोला नेत. मी म्हटलं, अथेन्सला चला, त्यातल्या त्यात जवळ आणि स्वस्त आहे. तेव्हा व्हिसाची आजच्यासारखी कटकट नव्हती. त्याने फक्त एकच अट घातली, घरी कळता कामा नये. घरी त्याने पत्र टाकलं की यंदा कंपनी सोडत नाही. कंपनीत त्याने रजा टाकली, तर कुठे जाणार हे कोणी विचारलंसुद्धा नाही. आमच्या लोकांची रजा म्हणजे मुंबईचं विमान, यात विचारण्यासारखं काय होतं?

अथेन्समध्ये आम्ही एका जुनाट लॉजवर उतरलो. खोलीत दोन खाटा आणि एक बेसिन. नाचणकरने येताना तांदूळ, डाळ आणि पाणी तापवायची विजेची कॉइल आणली होती. पहिल्याच संध्याकाळी त्या कॉइलने अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला. मालकीणबाई हातवारे करत वर आल्या, तेव्हा नाचणकरने त्यांना अर्धा शिजलेला भात दाखवून "मफी मुश्किल", काही अडचण नाही, असं अरबीत समजावलं. त्यानंतर आम्ही पाव, टोमॅटो आणि खारट चीज यांवर दिवस काढले. बसचं भाडं वाचवायला सगळीकडे पायी. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडीतून फिरवणारा हा माणूस चालताना इतका खुलायचा की मी मागे पडायचो. प्रत्येक वळणावर "बगून तर घेऊ" म्हणत तो कुठल्याही बोळात शिरायचा आणि आम्ही कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांखाली निघायचो.

टेकडीवरचं ते प्रसिद्ध देऊळ आम्ही रविवारी पाहिलं, कारण त्या दिवशी फुकट होतं. नाचणकर मोडक्या खांबांभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "हे पडलंय तर लोक बगायला येतात. आमचं पडलं तर मलाच बांधाय लागतं." मग तो एका दगडाच्या सावलीत आडवा झाला आणि झोपला. तासभर झाला तरी उठेना. मी त्याला उठवायला गेलो, तर डोळे न उघडता म्हणाला, "राहू द्या वो. मला कोण हाक मारत नाय हितं." मी कॅमेरा काढला, तर मात्र ताडकन उठून बसला. फोटो नको म्हणाला, फोटो फिरत फिरत घरी पोचतात.

एका सकाळी आम्ही बंदरावर गेलो. मासळीबाजारात बर्फावर मांडलेले बांगडे बघून तो बराच वेळ तिथेच थांबला. आई बांगड्याशिवाय जेवत नाही, ताटात मासा नसला की तिचा दिवस फुकट जातो, असं तो हसत सांगत होता. घरी आज काय आलं असेल, यावर त्याने स्वतःशीच अंदाज बांधले.

त्याच दिवसांत त्याचे वडील गेले.

हे आम्हाला बहरीनला परतल्यावर कळलं, आणि ते कसं घडलं ते पुढे त्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. वडिलांना अचानक छातीत दुखू लागलं. यशवंतने कंपनीला तार केली की वडील अत्यवस्थ आहेत, सदाला पाठवा. कंपनीतल्या कारकुनाने त्याच दिवशी उलट तार केली की नाचणकर रजेवर गेला, निघून गेला. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याने खरं तेच कळवलं होतं. पण घरी त्या तारेचा एकच अर्थ निघाला, सदा वाटेत आहे. वडिलांना तसं सांगण्यात आलं. म्हातारा उठून बसला, दाढी करवून घेतली आणि खाट दाराकडे तोंड करून ठेवायला लावली. दुसऱ्या पहाटे ते त्याच खाटेवर गेले.

थोरला मुलगा वाटेत असताना अग्नी द्यायचा कसा? यशवंतने बंदरावरून बर्फाच्या लाद्या आणल्या. मासे ठेवायचा तो बर्फ, भुसा झटकून वडिलांभोवती रचला. मुंबईचा एक भाचा गल्फच्या प्रत्येक विमानाला सांताक्रूझला जाऊन उभा राहिला. गावची पोरं येणाऱ्या प्रत्येक एसटीला हजर. बर्फ वितळून पाणी माजघरापर्यंत आलं, तशा नवीन लाद्या आणल्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या जाणत्यांनी यशवंतला बाजूला घेतलं आणि आता थांबता येणार नाही असं सांगितलं. अग्नी यशवंतने दिला.

नाचणकर गावी पोचला तेव्हा दहावं उलटून गेलं होतं. विमानात त्याने ठरवलं होतं की जाऊन सगळं सांगून टाकायचं, मग भाऊ मारो नाहीतर घराबाहेर काढो. अंगणात आई पुढे आली. तिने त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि विचारलं, "आजारी हुतास काय रं? दवाखान्यात हुतास?"

"आणि मी हो म्हनलं," नाचणकरने मला सांगितलं. "तिनंच दिलं उत्तर, केळकर. मी घेतलं."

बहरीनमध्ये विमान पकडायच्या आधीच सदा दवाखान्यात दाखल झाला, असं मग घरात आणि गावात ठरून गेलं. यशवंतचा राग गेला, तो भावाच्या गळ्यात पडून रडला. बायकोने काही विचारलं नाही. आईने मात्र त्याच आठवड्यात ग्रामदेवतेपुढे उभं राहून मासे सोडले. नवरा तर गेला, आता पोराला दुखणं नको, म्हणून जन्मभरासाठी. खाडीकाठी जन्मलेली, मासळीशिवाय घास न उतरणारी बाई. त्या दिवसापासून ती ताकभात आणि लोणचं खाऊ लागली.

नाचणकर परत आला तो डोक्याचे खुंट वाढत असलेला आणि वय एकदम दहा वर्षांनी वाढल्यासारखा. कामात फरक नव्हता, गाडी तशीच चकचकीत. पण बहरीनच्या ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येतो, तेव्हाही तो बर्फ घातलेलं पाणी घेत नसे. सोबतचे ड्रायव्हर त्याची थट्टा करत. तो कोमट पाण्याची बाटली सीटखाली ठेवायचा आणि तेच प्यायचा. कारण एकट्या मला माहीत होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक रजेचं तिकीट काढताना तो मला एकच वाक्य ऐकवायचा, "या टायमाला सांगतो." आणि परतल्यावर काउंटरपाशी येऊन मान खाली घालून म्हणायचा, "नाय झालं." घरी जेवायला बसलं की आई त्याच्या ताटात तळलेला मासा वाढायची आणि समोर बसून ताकभात कालवायची. तिला सांगितलं तर ती मासे खाईल, पण मग तीन दिवस नवऱ्याला बर्फात कशासाठी ठेवलं, हेही तिला कळेल. यातून त्याला वाट सापडत नव्हती. मी एकदा वैतागून म्हटलं की पत्रात लिहून टाका आणि मोकळे व्हा. तो शांतपणे म्हणाला की आईला वाचता येत नाही, पत्र यशवंत वाचून दाखवतो, आणि यशवंतच्या तोंडून हे आईला ऐकवायचं पाप त्याला नको होतं. मला त्याची कीव यायची आणि संतापही यायचा. एवढं साधं वाक्य एका माणसाला बोलता येऊ नये, याचा संताप.

त्यानंतरच्या सहाव्या रजेवरून परत आल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी, शाळेची मुलं ईसा टाउनला उतरवून झाल्यावर, त्याने गाडी व्यवस्थित बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. लोकांना वाटलं डुलकी लागली.

ज्याची मी इतक्या वर्षांची तिकिटं काढली, त्याला मला कार्गोत बुक करावं लागलं. मेलेला माणूस विमानात वजनावर जातो, हे मला धंद्यामुळे माहीत होतं, पण त्या दिवशी तो आकडा मी स्वतःच्या हाताने लिहिला. मी आयुष्यात क्वचित रडलो आहे. त्यातलं एक रडणं त्या काउंटरमागचं. दाखले, परवानग्या, शिक्के यांत आठवडा गेला. रोज सरकारी ऑफिसातून उत्तर यायचं, इंशाल्ला उद्या. खाडीकाठचं ते घर पुन्हा सदाची वाट बघत होतं. पेटीसोबत मी स्वतः गेलो. त्याला जे सहा रजांमध्ये जमलं नाही ते आता आपण सांगून टाकायचं, निदान त्या म्हातारीला उरलेली वर्षं नीट जेवू द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

अग्नी दिल्यानंतर यशवंत मला घरी घेऊन गेला. म्हातारी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिने मला जवळ बोलावलं आणि मी कोण ते नीट विचारून घेतलं. सदाच्या तोंडी माझं नाव तिने ऐकलं होतं.

"बापूस गेला तेवा दवाखान्यात तुमीच हुताव ना त्याच्यासंगं?" ती म्हणाली. "खरं सांगा. लय तरास झाला काय त्याला तेवा?"

सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाही आजी. त्रास काहीच झाला नाही. भरपूर झोपला. कोणी त्याला हाक मारली नाही, कामाला लावलं नाही. हिंडला, फिरला, हसला. तुम्हाला मासे किती आवडतात ते मला सांगत होता."

तिने डोळे पुसले नाहीत. नुसती मान हलवली.

"म्हंजे बरा झाला हुता," ती म्हणाली. "मग माजं मासं सोडलेलं देवीनं मानलं. येवढी वरसं दिली तिनं त्याला."

मी हो म्हणालो. उत्तर तिनेच दिलं होतं, नाचणकरसारखं मीही ते घेतलं.