नर्सबाईचा माणूस

त्या गावात साडेचार वर्षं राहिलो, पण माझं नाव कोणी विचारलं नाही. बाईची सायकल, बाईची औषधांची पेटी, तसा मी बाईचा माणूस. एकदा पोस्टमनने माझ्या नावाचं पत्र आणलं आणि 'असा कोणी इथे राहत नाही' असं ऐकून परत नेलं. तो परत नेत होता तेव्हा मी चार हात अंतरावर बोरिंगच्या दांड्याला लटकून पाणी हापसत होतो. त्याला तसं सांगणाऱ्या शेजारणीने मला विचारायचीही तसदी घेतली नाही.

त्याआधी मी माजरीला होतो, एका ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा भरायला. ठेका संपला आणि मी घरी बसलो. त्याच सुमाराला बायकोची नर्स म्हणून एका वर्षाची कच्ची ऑर्डर निघाली. गाव वडशापासून बरंच आत, जंगलात, नदीच्या काठी. अर्धी घरं मासे धरणारी, बाकीची धानाची. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, खाट आणि औषधांचं कपाट, मागच्या खोलीत आमचा संसार. मध्ये दार नव्हतं, बायकोने जुनं लुगडं बांधून पडदा केला होता. तिच्याकडे पाच गावं होती. सकाळी निघायची ती दिवस कलल्यावर परतायची, आणि पोरगी तेव्हा दहा महिन्यांची.

आईला म्हटलं, येऊन राहा. आई म्हणाली, "मी काऊन येऊ जंगलात? तुले कामधंदा नाई, तं तूच सांभाळ." रागाने बोलली, पण खरं बोलली. आमच्या बापाने दीक्षा घेतली तेव्हापासून घरातली बाई शिकली पाहिजे, नोकरीला लागली पाहिजे, हे ठरलेलं होतं. सभेत टाळ्या वाजवायला सगळे होते. शिकलेल्या बाईच्या घरी चूल कोणी पेटवायची, हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं. ते माझ्यावर येऊन पडलं.

मी ते केलं, आणि नीट केलं. भात पसवायला शिकलो, पेज पोरीला पाजायला शिकलो. एका चुलीवर भात आणि दुसरीवर बायकोच्या काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायला ठेवायचो. पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी करायचो. ती बायकोला इतकी आवडायची की वाटी पुसून खायची. पोरगी माझ्या पाठीला बांधलेली असायची. बोरिंगवर मी गेलो की बायांची बोलणी बंद व्हायची आणि एक म्हातारी म्हणायची, "येऊ द्या वो त्याले पहिले." मला वाटायचं मान देते. पुढे कळलं, मी लवकर टळावं म्हणून नंबर देत होती.

गडीमाणसं चिंचेखाली बसलेली असायची. "भाऊ, आज काय भाजी?" हा प्रश्न मी रोज ऐकला. पहिल्या वर्षी हसून उत्तर दिलं, दुसऱ्या वर्षी नुसतं उत्तर दिलं, मग उत्तर द्यायचं सोडलं. तरी मी टिकलो, कारण बायकोने एक शब्द दिला होता. ती म्हणाली होती, "ऑर्डर पक्की होऊ द्या. मंग दुसरं लेकरू होऊ देऊ." त्या एका गोष्टीवर मी भांडी घासली. मुलगा असो की मुलगी, मला फरक नव्हता, असं मी लोकांना सांगायचो. आता खोटं कशाला बोलू? मला मुलगा हवा होता.

नोकरी पक्की होणं मात्र तिच्या हातात नव्हतं. तेव्हा दर नर्सला नसबंदीच्या केसेस आणून द्याव्या लागत. मार्च जवळ आला की बाळंतपणं, लसी, हिवतापाच्या गोळ्या, सगळं मागे पडायचं आणि फक्त केस उरायची. केसेस पुऱ्या तर ऑर्डर पुढे वाढायची. नाही तर घरी बस. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते, फारच दया आली तर भामरागडला टाकीन, पावसाळ्यात चार महिने बाहेर यायला रस्ता नाही. ती हे सांगताना हसत होती, आणि हातातला घास तसाच धरून बसली होती. तिची नोकरी गेली तर आम्ही दोघंही घरी, एवढं मलाही समजत होतं.

गावात एक मासे धरणारा होता, पाच लेकरांचा बाप. त्याच्या बायकोच्या अंगात रक्त नव्हतं, तिचं ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणून माझी बायको त्याच्याच मागे लागली. माणसाचं ऑपरेशन सोपं, टाका नाही, दोन दिवसांत जाळं टाकायला मोकळा, असं ती त्याला दहा वेळा सांगून आली. अकराव्यांदा गेली आणि संध्याकाळी घरी येऊन जेवलीच नाही.

"काय म्हणते तो?" मी विचारलं.

"म्हणते, बाई, तुह्या माणसानं केलं का?"

मी पोरीला भात भरवत होतो. बायको माझ्याकडे बघत नव्हती, चुलीकडे बघत होती. मला वाटलं आता ती पुढे काही तरी बोलेल, की बघा ना काय काय विचारतात लोक. तिने तांब्या उचलला. घोटभर पाणी पिऊन तशीच बसली. तेव्हा मीच म्हटलं, "मंग मी करतो."

मी म्हटलं खरं, पण मनात पक्कं होतं की ती नाही म्हणेल. दिलेला शब्द तिला आठवेल, निदान डोळ्यांत पाणी येईल. तिने तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "शिबिर शुक्रवारी हाय. जीप येते."

तिच्यावर मी तेव्हा चिडलो नाही, आणि ते माझं चुकलं. मी स्वतःची समजूत घालत बसलो. रोवणीला पहिली बाई चिखलात उतरली की बाकीच्या आपसूक उतरतात, तसं होईल. नर्सबाईच्या माणसाने केलं म्हटल्यावर हा मासेवाला येईल, त्याच्यामागे दुसरे येतील, ऑर्डर पक्की होईल. आणि आयुष्यात एकदा तरी गाव म्हणेल की माणूस छातीचा आहे. भांडी घासणाऱ्याला असल्या गोष्टींची भूक फार असते.

शिबिरात रांग होती. टेबलावरच्या बाबूने विचारलं, लेकरं किती? मी म्हटलं, एक पोरगी. त्याने पेन खाली ठेवला. एकावर चालत नाही म्हणाला, दोन पाहिजेत. मागून जीपवाला ओरडत होता. बाबूने माझ्याकडे पाहिलं, पेन उचलला आणि विचारलं, "मुलगा लिहू?" मी मान हलवली. वय किती लिहू म्हणाला. मी म्हटलं, एक वर्ष. मला जो मुलगा झाला तो तिथे, नसबंदीच्या रांगेत झाला. निघताना एक प्लास्टिकची बादली मिळाली, निळी. आठ दिवस वजन उचलू नका, असं सांगून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

दोन दिवस झोपलो, तिसऱ्या दिवशी त्याच बादलीने पाणी भरायला गेलो. बायकोला दौरा होता, पोरगी भुकेजली होती. बायको पाचही गावांत सांगत फिरली, "माह्या घरच्यानं केलं, तुमाले काय होते?" मी तिला सांगू दिलं. चिंचेखालून जाताना मान जरा वर करून चालायचो. मासेवाला त्या वर्षी आला नाही. शेजारच्या गावच्या बाया तयार झाल्या म्हणून ते वर्ष कसंबसं निभावलं, ऑर्डर अजून एक वर्ष वाढली. पक्की झाली नाही.

पुढच्या हिवाळ्यात प्रकार लक्षात आला. बायको दारात दिसली की गडी मागच्या वाटेने पसार व्हायचे. बायासुद्धा नवऱ्यांना जाऊ देत नव्हत्या, ज्या आधी स्वतः म्हणायच्या, बाई, ह्याचं काही तरी करा. एकीने तोंडावर सांगितलं, "माह्या घरी चुलीपाशी मी एकटी पुरे. त्याले इथी बसवून धान कोन कापन?"

गावाने मला बघून निदान केलं होतं. ऑपरेशन झालं की माणूस असा होतो. पाणी भरतो, भात पसवतो, लेकरू पाठीला बांधतो, नदीवर बायकोचं लुगडं धुतो. मी हे सगळं पहिल्या दिवसापासून करत होतो, त्यांनीच पाहिलं होतं. पण एकदा कारण सापडलं की मागे जाऊन कोण बघतं? एकच पोरगी हाय, म्हंजे पहिलेच केलं असन, असं ठरलं आणि विषय मिटला. मी त्यांना अडाणी म्हणत नाही. त्यांच्यासमोर ऑपरेशन झालेला एकच माणूस होता आणि तो भाकरी थापत होता. त्यांनी डोळ्यांना दिसलं त्यावर विश्वास ठेवला. मासेवाल्याने तर मला आपुलकीने विचारलं, "भाऊ, आता जाळं वढता येत असन का तुले?" मी सांगितलं की मला कधीच येत नव्हतं. तो हसला नाही. वाईट वाटून त्याने मला दोन मासे जास्त दिले.

बायकोला हे माझ्याआधी कळलं होतं. ती म्हणाली, "धुनं दुपारच्यानं नेत जा, नदीवर कोनी नसते तवा." मी दुपारी नेऊ लागलो. मग म्हणाली, मार्चपर्यंत तरी पोरीला घेऊन बाहेर जाऊ नका. पोरगी आता पाचेक वर्षांची होती, तिला आत कोंडून ठेवू? मी विचारलं, "मंग मी करू तरी काय?" ती म्हणाली, "काई नका करू." पण दौऱ्यावरून घरी आल्यावर भात मात्र तिला तयार लागायचा.

मार्च निम्मा झाला होता आणि बाकीच्या गावांतल्या बायांच्या जोरावर तिला आता एकच केस कमी होती. त्या दिवशी सकाळी मासेवाला आपण होऊन आला. त्याच्या बायकोची तब्येत फारच खालावली होती, आता सहावं नको, एवढं त्याला पटलं होतं. मी पडद्यामागे सुपात तांदूळ निवडत होतो. दोघांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्याने इकडचं तिकडचं विचारलं, दुखते का, ताप येते का. मग आवाज खाली करून म्हणाला, "बाई, राग नको मानू. पन तुह्या माणसासारखं होईन का माह्यं?"

बायको थोडा वेळ थांबली. तो थोडा वेळ मला अजून आठवतो, कारण तेवढ्यात तिला बरंच काही बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की माझा माणूस चांगला आहे, हे घर तो चालवतो, म्हणून मी तुझ्या बायकोची नाडी बघायला येऊ शकते.

"त्यायनं केलंच नाई," ती म्हणाली. "तुमाले पटावं म्हून मी खोटं सांगतलं होतं. त्यायचं काई आपरेशन-बिपरेशन झालं नाई. ते पहिलेपासूनच तसे हायत."

"मंग ठीक हाय," मासेवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. तिने कागद पुढे केला, त्याने अंगठा दिला. त्याच एका केसवर त्या वर्षी तिची ऑर्डर पक्की झाली.

तो गेल्यावर ती पडदा सारून आत आली. मी चूल फुंकत होतो. ती माठातलं पाणी प्याली, पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आयकू आलं काय तुमाले?"

"नाई," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली आणि सूप आपल्याकडे ओढून उरलेले तांदूळ निवडू लागली. साडेचार वर्षांत पहिल्यांदा.